इन्व्हेंतारची फाइल: गोव्यात घराण्याचा शोध घेणाऱ्यांसाठी एक परीक्षण

घराण्याचा शोध घ्यायचा म्हटला की गोव्यातला माणूस आधी देवळात जातो. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार सभासदांच्या, नोंदवहीत पणजोबांचे नाव सापडते. मग कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेत, जोण (उत्पन्नातला वाटा) कोणाला मिळत होते ते पाहतो, घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे वही घेऊन बसतो. चार-पाच पिढ्यांची वंशावळ उभी राहते आणि तिच्यात एकही बाई नसते. महाजन पुरुष, जोणकार पुरुष. आत्या कुठल्या गावी दिली एवढे कोणाला तरी आठवते, पण तिचे नाव, तिची मुले, तिचा वाटा यांचा पत्ता नसतो. ही सगळी माहिती एका जागी लिहिलेली असते ती न्यायालयाच्या जुन्या दप्तरात. त्या दप्तराला गोव्यात सगळेच इन्व्हेंतार म्हणतात.

या परीक्षणात दोन गोष्टी पाहिल्या आहेत: साधन म्हणून ही फाइल किती कामाची, आणि ती शोधणे, वाचणे, तिची नक्कल मिळवणे किती जमण्यासारखे. पहिल्या बाबतीत पाचपैकी साडेचार गुण. दुसऱ्या बाबतीत दोन, आणि तेही तयारी करून गेलात तर.

इन्व्हेंतार म्हणजे मयताच्या मालमत्तेची न्यायालयापुढे झालेली मोजदाद आणि वाटणी. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. तिच्यानुसार वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून एक, निम्मी-निम्मी. एक गेला की उरलेल्याचा अर्धा वाटा बाजूला राहतो आणि दुसऱ्या अर्ध्याची वारसांत वाटणी होते. मुलगा आणि मुलगी यांत संहिता फरक करत नाही. हिंदूंच्या रूढींसाठी १६ डिसेंबर १८८० चा वेगळा हुकूम निघाला आणि त्याने काही अपवाद ठेवले, तेव्हा हिंदू घराची फाइल उघडताना तो हुकूम जवळ असलेला बरा. उदाहरणार्थ, बायकोला पंचविशीपर्यंत मूल झाले नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची मुभा त्याच हुकुमात आहे. फाइलीत दोन बायका दिसल्या की लोक गोंधळतात, लिहिणाऱ्याची चूक समजतात. चूक नसते.

वारसांपैकी कोणी अज्ञान असेल, म्हणजे त्या काळच्या कायद्याने २१ वर्षांखालचे, किंवा कोणी परागंदा अथवा असमर्थ असेल, तर इन्व्हेंतार सक्तीचे. अशा फायलींवर 'ऑर्फानोलोजिकु' असा शब्द असतो. सगळे वारस सज्ञान असतील तर वाटणी मागायची की नाही ते त्यांच्यावर. घराण्याच्या शोधात ऑर्फानोलोजिकु फाइल सोन्यासारखी, कारण मुले लहान असल्यामुळे न्यायालय प्रत्येकाचे वय विचारते. गोव्यात नागरी जन्मनोंदणी १९१४ पासूनची. ख्रिस्ती घरांना त्याआधीच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांचा आधार असतो. हिंदू घरातल्या मुलीचे वय सांगणारा १९१४ पूर्वीचा सरकारी कागद अनेकदा हाच एक.

फाइल हातात आली की तिची रचना ओळखता आली पाहिजे. दोऱ्याने शिवलेला गठ्ठा, वरच्या पानावर न्यायालयाचे नाव, वर्ष, मयताचे नाव आणि 'काबेसा द काझाल'चे नाव. काबेसा म्हणजे घरची मालमत्ता सांभाळून तिचा हिशेब देणारा माणूस, बहुधा मागे राहिलेला जोडीदार, नाहीतर वडील मुलगा. त्याचे शपथेवरचे निवेदन हा फाइलीचा गाभा. मयत केव्हा आणि कुठे वारला, लग्न कोणत्या पद्धतीने झाले होते, मृत्युपत्र आहे का, आणि वारस कोण: नाव, वय, लग्न झालेले की नाही, कोणाशी, राहतात कुठे. मयताच्या आधीच मेलेल्या मुलाच्या जागी त्याची मुले येतात, त्यामुळे एका निवेदनात तीन पिढ्या सहज सापडतात. लेकींची नावे नवऱ्याच्या नावासकट येतात, कारण मालमत्ता सामाईक असल्याने जावईही पक्षकार ठरतो. घरच्या वंशावळीत न सापडलेली आत्या इथे नवऱ्याचे नाव, गाव आणि वाट्याचा आकडा घेऊन हजर असते.

त्याच्यामागे मृत्यूचा दाखला, वारसांची कुलमुखत्यारपत्रे, अज्ञानांसाठी नेमलेल्या कुटुंबमंडळाच्या बैठकांचे वृत्तांत, मालमत्तेचे वर्णन, तिचे मोल, वारसांची परिषद, आपसातला लिलाव, वाटणीचा तक्ता आणि शेवटी न्यायाधीशाचा मंजुरीचा निवाडा. पहिल्या पानापासून सुरुवात करून शेवटपर्यंत वाचत जाऊ नये. मधली कितीतरी पाने समन्स बजावल्याची आणि तारखा पुढे ढकलल्याची असतात. त्यांतच दम संपतो. आधी निवेदन वाचा, मग थेट वाटणीच्या तक्त्यावर जा आणि वारसांची संख्या जुळते का पाहा. निवेदनात सात आणि तक्त्यात सहा असतील तर मधल्या काळात कोणी वारले, किंवा कोणी आपला वाटा सोडला. कारण मधल्या पानांत नक्की सापडते, आणि आता काय शोधायचे ते तुम्हाला ठाऊक असते.

कुलमुखत्यारपत्रांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. ते करू नये. मुंबईला, कराचीला, आफ्रिकेत गेलेल्या भावाने तिथून कागद पाठवलेला असतो; त्यावर त्याचा धंदा, पत्ता, बायकोचे नाव. घरात 'तो मुंबईला गेला तो गेलाच' एवढीच कथा उरलेली असते, तिचा पुढचा धागा हा. ज्याचा पत्ताच नाही त्याच्यापुढे 'आउझेंत एं पार्त इंसेर्त' असे लिहितात, म्हणजे ठावठिकाणा नसलेला. त्याच्यासाठी जाहीर सूचना सरकारी राजपत्रात छापली जाई. गोव्याचे राजपत्र, 'बोलेतीं', १८३७ पासून निघत होते. फाइल हरवलेली असली तरी तिची छापील सूचना बोलेतींत उरलेली असू शकते, आणि मयताचे नाव, न्यायालय आणि साल तेवढ्यावरून हाती लागते.

आता खरी अडचण, म्हणजे फाइल शोधणे. जुन्या खटल्यांच्या फायली राज्याच्या अभिलेखागारात मिळू शकतात, अलीकडच्या संबंधित तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात. गोव्याचे अभिलेखागार १५९५ साली स्थापन झाले, दियोगु दु कौतु हा त्याचा पहिला रक्षक. विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते संशोधकांसाठी नावारूपाला आणले. एवढ्या जुन्या आणि मोठ्या संग्रहात 'आमच्या आजोबांची फाइल आहे का?' असे विचारून काहीच मिळत नाही. मयताचे पूर्ण नाव, मृत्यूचे साधारण साल आणि मालमत्ता कोणत्या तालुक्यात, या तीन गोष्टींशिवाय जाऊ नये.

या तिन्ही नसतील तर उलट्या बाजूने चालावे. घरात जुने मात्रीझचे (जमिनीच्या करनोंदणीचे) पान, जमिनीच्या नोंदणीचा दाखला किंवा विक्रीचा दस्तऐवज असतोच. जमीन नोंदणीच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक मालमत्तेला वर्णनाचा क्रमांक आहे, आणि त्याखाली ती कोणाकडून कोणाकडे कशी गेली याच्या नोंदी. वाटणीने गेली असेल तर 'अमुक न्यायालयात, अमुक मयताच्या इन्व्हेंतारात, अमुक तारखेच्या निवाड्याने' असे त्या नोंदीत लिहिलेले असते. सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयातून त्या एका नोंदीची नक्कल घेतली की न्यायालय, मयत आणि निवाड्याचे साल हाती येते. तीन दिवस अनुक्रमणिका चाळण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला. हातात नुसता आजचा सर्व्हे नंबर असेल तर तो थेट चालत नाही. सर्व्हे नंबर मुक्तीनंतरच्या मोजणीचे. आधी जुना वर्णन क्रमांक किंवा मात्रीझचा क्रमांक जुळवून घ्यावा लागतो, आणि जुळवणी मुख्यतः चतुःसीमांवरून, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दींवरून, होते.

अनुक्रमणिका मिळाली की तिथे सर्वांत मोठी फसगत होते. पोर्तुगीज अनुक्रमणिका आडनावावर लावलेली नसते, पहिल्या नावावर असते. प्रभू आडनावाच्या विष्णूला 'प'मध्ये शोधून उपयोग नाही. त्यातही नाव पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिलेले. 'श'साठी एक्स अक्षर, 'क'साठी कधी सी तर कधी क्यू, आणि आपल्या 'अ'च्या जागी पुष्कळदा ओ. प्रभू होतो 'पोरोबु', भट 'बोटु', कामत 'कामोतीं', केणी 'केनीं', पै 'पोइ', नाईक 'नाइक' पण क्यूने लिहिलेला, शेट एक्सने. शेणवींचे 'सिनाय' होते आणि तेच पुढे कितीतरी वेगवेगळ्या घराण्यांच्या नावांत बसते, त्यामुळे सिनाय या एका शब्दावरून कोणाचे घराणे ते ठरत नाही. विष्णू 'व्हिस्नुं', विठ्ठल 'व्हितोला', रामचंद्र 'रामाचोंद्रा'. घरून निघण्यापूर्वी प्रत्येक नावाची चार-पाच संभाव्य रोमी (रोमन लिपीतली) रूपे कागदावर लिहून न्यावीत. गावांचेही तेच: कवळे म्हणजे क्यूने सुरू होणारे 'केवला', तिसवाडी म्हणजे 'इल्यास', पणजी १८४३ नंतरच्या कागदात 'नोव्हा गोवा'. धारबांदोडा हा तालुका जुन्या कागदात मुळीच सापडणार नाही. तो नवा आहे, त्याची गावे सांगे आणि फोंड्यात शोधावीत.

दुसरी फसगत आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे. विष्णू नारायण, नारायण विष्णू, पुन्हा विष्णू नारायण अशी साखळी शंभर-सव्वाशे वर्षे चालते. एकाच गावात, एकाच आडनावात, चुलत्यांच्या घरीही तीच नावे. नाव जुळले म्हणून फाइल आपली असे धरू नका. बायकोचे नाव, वाडा आणि देवळाजवळच्या किंवा कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) चतुःसीमा जुळल्या तरच ती आपली. या तिघांपैकी दोन जुळत नसतील तर फाइल बाजूला ठेवावी. चुकीच्या विष्णूवर बांधलेली वंशावळ पुढच्या पिढीला उलगडणे फार कठीण जाते.

अक्षर वाचायला पोर्तुगीज भाषा पूर्ण यायला हवी असे नाही. पन्नास-साठ शब्द आले तर निवेदन आणि तक्ता वाचता येतो: फिल्यु मुलगा, फिल्या मुलगी, व्हियुव्हा विधवा, सोल्तेयरु अविवाहित, काझादु विवाहित, फालेसिदु मयत, नेतु नातू, सोग्रु सासरा, जेनरु जावई, एर्देयरु वारस, मेएयरा म्हणजे निम्म्याची धनीण. लेखनिक हे शब्दसुद्धा पूर्ण लिहीत नाही. एफ अक्षर आणि त्याच्या डोक्यावर छोटा ओ, म्हणजे फिल्यु. व्ही आणि वर छोटा ए, म्हणजे व्हियुव्हा. महिन्यांच्या लघुरूपांत तर अनुभवी माणूसही चुकतो: सात आकडा आणि पुढे 'ब्रु' म्हणजे जुलै नव्हे, सेतेंब्रु, सप्टेंबर. तसेच आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि एक्स म्हणजे डिसेंबर. एकोणिसाव्या शतकातल्या कागदावर ही पद्धत हमखास भेटते. मृत्यूची तारीख दोन महिन्यांनी चुकली की श्राद्धाची तिथीही चुकते, म्हणून हे इतके लांबवून सांगितले.

पानांचे क्रमांक फक्त पुढच्या बाजूला असतात. मागच्या बाजूला 'व्हेर्सु' म्हणतात. टिपण करताना 'पान १२' एवढेच लिहू नका; 'फोल्य १२' की 'फोल्य १२ व्हेर्सु' ते लिहा. नक्कल मागताना याच क्रमांकावर काम चालते आणि तो चुकला तर पैसे भरून भलतेच पान हाती येते.

मालमत्तेच्या वर्णनात थांबावे असे बरेच काही असते. प्रत्येक वस्तूला किंवा मिळकतीला एक क्रमांक, त्याला व्हेर्बा म्हणतात. आधी रोख, सोने-चांदी, मग भांडीकुंडी, मग गुरे, मग जमिनी, शेवटी देणी. पाटल्या, गळसरी, नथ हे आपलेच शब्द पोर्तुगीज अक्षरांत लिहिलेले दिसतात, आणि लेखनिकाला अडलेला शब्द सहसा मराठीच असतो. मोठ्याने वाचला की कळतो. जमिनीत व्हार्झ्य म्हणजे भाताचे शेत, पालमार म्हणजे माडांचे भाट (बागायत), ओइतेयरु म्हणजे डोंगराळ भाट, काझा सोब्रादादा म्हणजे माडीचे घर. उत्पन्न खंडी-कुडवात, वीस कुडवांची एक खंडी. फोर (वार्षिक ठरीव खंड) देऊन घेतलेली जमीन असेल तर फोराचा आकडा आणि तो कोणाला द्यायचा ते येते, त्यावरून ती देवस्थानची की कोमुनिदादीची ते समजते.

चतुःसीमा तर स्वतंत्र खजिना. पूर्वेला अमक्याचे भाट, पश्चिमेला अमक्याच्या वारसांचे शेत, उत्तरेला ओहोळ, दक्षिणेला वाट. शेजाऱ्यांची नावे त्या वर्षीची असतात. 'अमक्याचे वारस' असे लिहिले असेल तर तो शेजारी तोवर वारलेला होता. एखाद्या घराची स्वतःची फाइल सापडत नसली तरी शेजाऱ्यांच्या दोन-तीन फायलींच्या सीमांवरून त्या घराचा धनी कोणत्या काळात बदलला ते बांधता येते. काही वर्णनांत भाटातल्या मुंडकारांची, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांची, घरेही नोंदलेली दिसतात. ज्या घरांकडे वाटायला जमीनच नव्हती त्यांचे इन्व्हेंतार होत नसे, म्हणून कष्टकरी घरातल्या माणसाने आपल्या आजोबांना भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) फाइलीत शोधावे. हा मार्ग अन्यायाचा आहे खरा, पण नाव तिथेच सापडते.

पैशांच्या आकड्यांना घाई नको. जुन्या फायलींत अश्रफी, तांगे आणि रेइस: ५ तांगे म्हणजे १ अश्रफी, २ अश्रफी म्हणजे १ रुपी, तेव्हा रुपीचे ६०० रेइस. १८७१ पासून रुपीचे १६ तांगे, म्हणजे ९६० रेइस. १९५८ साली एस्कुदू आला, एका रुपीला ६ एस्कुदू. हा बदल लक्षात न घेता दोन पिढ्यांच्या फायली शेजारी ठेवल्या तर घर बुडाले की वर आले याचा निष्कर्षच उलटा निघतो. शिवाय वर्णनातले मोल कराच्या नोंदीवरचे, बहुधा कमी. वस्तू कोणाला किती प्यारी होती ते वारसांच्या आपसातल्या लिलावात, लिसितासांवात, कळते. मूळ घराचा आकडा तिथे वर्णनातल्या मोलाच्या कितीतरी पट चढलेला दिसला तर त्या घरासाठी दोघे भाऊ अडून बसले होते हे समजावे. ज्याने जास्त घेतले त्याने इतरांना रोख भरपाई दिली, तिला तोर्नास म्हणतात. ती कोणी दिली आणि कोणी माफ केली यावरून घरातले संबंध कोणत्याही कुलवृत्तांतापेक्षा जास्त कळतात.

लग्नात मुलीला दिलेले दागिने आणि रोख यांचाही हिशेब होतो, कारण ते तिच्या वाट्यातून वजा धरायचे असते. त्यामुळे हुंड्याचा आकडा, कधी लग्नाआधीच्या कराराची तारीख, नोटरीचे नाव हेही सापडते. त्या तारखेवरून नोटरीच्या वह्यांत जायचे आणि लग्नाचा मूळ करार पाहायचा. एक फाइल दुसरीकडे नेते ती अशी.

वादाच्या फायली सर्वांत श्रीमंत. काबेसाने एखादी मिळकत लपवली, कोणा वारसाचे नाव गाळले, दत्तक खरा की नाही, दुसऱ्या लग्नाची मुले वारस की नाही, असा आक्षेप आला की साक्षी निघतात. साक्षीदार म्हणजे शेजारी, भटजी, गावचे वृद्ध. ते नाते कसे कळले ते सांगतात: बारशाला होतो, श्राद्धाला पान मांडले जायचे, एका चुलीवर जेवत होते. सत्तरीचा साक्षीदार १८८० साली बोलत असेल तर त्याची आठवण १८२० च्या आसपास पोचते. मात्र साक्ष ही बाजू घेणाऱ्याची असते. दोन्ही बाजूंच्या साक्षी वाचून, निवाड्यात न्यायाधीशाने काय मान्य केले ते पाहूनच वंशावळीत ओळ घालावी. वरच्या न्यायालयात, म्हणजे रेलासांव द गोवामध्ये, अपील गेले असेल तर निवाड्याची दुसरी प्रत तिथल्या कागदांत असू शकते. ते न्यायालय १५४४ पासूनचे. मुक्तीनंतर १९६३ साली त्याची जागा ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टाने घेतली आणि १९८२ साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले.

एक पान जवळून पाहण्यासारखे आहे: सह्यांचे. मुद्रांकाच्या कागदावर वरून खालपर्यंत पोर्तुगीज वळणदार अक्षर, आणि तळाशी मध्येच मोडीत एक सही. लेखनिकाने आडनावाची जी काही मोडतोड केली असेल ती असो. माणसाने स्वतः आपले नाव कसे लिहिले ते इथे दिसते. आडनावाचा वाद मिटवायला याहून चांगला पुरावा नाही. ज्याला सही येत नव्हती त्याच्यासाठी दुसऱ्याने केलेली असते, 'आ रोगु', म्हणजे विनंतीवरून. आणि सही करणारा तो दुसरा अनेकदा नातेवाईकच असतो, त्याचेही नाव टिपून घ्यावे. फाइलीत पुरावा म्हणून जोडलेली मराठी कागदपत्रे, हिशेबाची पाने, खाजगी वाटणीपत्रे मोडीत असतात. सोबत पोर्तुगीज भाषांतर जोडलेले असेल तर दोन्ही वाचावीत. भाषांतरात नात्याचे शब्द सपाट होतात. आपल्याकडे पुतण्या आणि भाचा हे वेगळे, पोर्तुगीजमध्ये दोघांना 'सोब्रिन्यु'. काका आणि मामा दोघेही 'तियु'. मोडीचा मूळ कागद असेल तर नाते बापाकडचे की आईकडचे ते तिथेच ठरते.

काय मिळणार नाही तेही स्पष्ट सांगायला हवे. प्रत्येक मृत्यूमागे फाइल नसते. सज्ञान वारसांनी घरात किंवा नोटरीकडे वाटणी करून घेतली तर न्यायालयात काहीच नाही. मग नोटरीच्या वह्यांत वारसांच्या घोषणेचा दस्तऐवज शोधावा. एकत्र राहणाऱ्या हिंदू घरांत दोन-तीन पिढ्या इन्व्हेंतार झालेच नाही आणि मग एकदम एका फाइलीत पन्नास वारस, असेही दिसते. ती फाइल वाचताना मोठ्या कागदावर झाड काढत जा, नुसत्या यादीने डोके फिरते. वये अंदाजाने सांगितलेली असतात. निवेदनातले वय आणि कुटुंबमंडळाच्या वृत्तांतातले वय यांत दोन-तीन वर्षांचा फरक नेहमीचा.

कागदाची अवस्था हा नशिबाचा भाग. जुनी लोहयुक्त शाई कागद खात जाते, विशेषतः जिथे लेखनिकाने हात जड ठेवला तिथे. अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक राहते. पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटतात. चिकटलेली पाने ओढून सोडवायला जाऊ नका, कर्मचाऱ्यांना सांगा. पेनऐवजी पेन्सिल, हात कोरडे, आणि पाने कोपऱ्याला थुंकी लावून उलटायची सवय घरी ठेवून जावे. पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबर ते मार्च हा काळ या कामाला उत्तम.

नकलेच्या बाबतीत एक सल्ला. पूर्ण फाइलीची सही-शिक्क्याची नक्कल मागू नका. दोनशे पानांतली दीडशे निरुपयोगी असतात, खर्च आणि वेळ दोन्ही वाया. आधी फाइल पाहण्याची परवानगी घ्या, फोल्य क्रमांक टिपा आणि निवेदन, मालमत्तेचे वर्णन, तक्ता आणि निवाडा एवढ्याच पानांची मागणी करा. घराण्याच्या इतिहासाला साधी नक्कल पुरते. शिक्क्याची नक्कल जमिनीच्या कामाला लागते. न्यायालयाच्या दप्तरातल्या फाइलीसाठी पक्षकार नसलेल्याला अर्जात कारण लिहावे लागते. तिथे मयताशी आपले नाते दाखवणारे जन्म-मृत्यूचे दाखले जोडले की काम सोपे होते. काही ठिकाणी एका फाइलीसाठी तीन-चार खेपा पडतात, आणि 'सापडत नाही' हे उत्तर पहिल्या खेपेला आले तर ते शेवटचे समजू नये. गठ्ठा दुसऱ्या वर्षाच्या मांडणीत गेलेला असतो. मृत्यूच्या सालापासून पुढची दहा-बारा वर्षे तपासून पाहण्याची विनंती करा. निवाडा मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी होई आणि फाइल कोणत्या वर्षात लावली याला एकच नियम नव्हता.

२२ डिसेंबर २०१६ पासून गोव्यात वारसा आणि इन्व्हेंटरीचा नवा कायदा लागू आहे, पण जुन्या फायलींचे वाचन त्याने बदलत नाही. त्यांना त्यांच्या काळचाच कायदा लावून वाचायचे.

हे साधन कोणी घ्यावे? ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्यांपूर्वी थोडीफार जमीन होती, त्यांनी नक्की. ज्यांना लेकीबाळींचा, माहेरवाशिणींचा, विधवांचा धागा जोडायचा आहे, त्यांनी तर सगळ्यात आधी हेच. ज्यांना १८७० च्या मागे जायचे आहे त्यांनी अपेक्षा थोड्या कमी ठेवाव्यात: अनाथांच्या न्यायाधीशापुढच्या त्याआधीच्याही फायली आहेत, पण नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात घेतलेल्या तालुक्यांतल्या, हिंदू घरांचा वारसा तेव्हा बराचसा रूढीवर चालत असे आणि लेकींची नावे तिथे विरळ होतात.

शेवटची एक गोष्ट छापण्याविषयी. या फायलींत औरस नसलेल्या मुलांची नोंद असते, वेडाच्या भरात केलेली मृत्युपत्रे असतात, भावाने भावावर केलेले चोरीचे आरोप असतात. त्यांची नातवंडे आज त्याच वाड्यावर राहतात. नावे, नाती, तारखा वंशावळीत घाला. आरोप आणि साक्षी वहीत फोल्य क्रमांकासह जपून ठेवा, आणि त्या घरच्या माणसांना दाखवल्याशिवाय कुलवृत्तांतात घेऊ नका.